जागेवर न बसणाऱ्यांची यादी

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. बोलणारे सांगून मोकळे होतात. मी लग्न होऊन सांगलीहून कुंभकोणमला आले, ती तमिळ येत नाही म्हणून गप्प. थोडं येऊ लागलं, तोवर गप्प बसायची सवय झालेली! आमचे हे शाळेत मास्तर. संध्याकाळी घरी आले की कॉफीचा टंबलर हातात घेऊन भिंतीशी बोलावं तसे माझ्याशी बोलत सुटतात. भिंतीनं सगळं ध्यानात ठेवलंय.

यंदा नवे हेडमास्तर आले. भारी शिस्तीचे! पहिल्याच आठवड्यात ऑर्डर निघाली. जागेवर न बसणारी, प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारी, धडा अर्धा टाकून खिडकीशी जाणारी मुलं प्रत्येक वर्गात किती, त्यांची लिस्ट द्या. पुढे 'कारण' असा रकाना. आणि लिस्टमधली मुलं बसायला शिकेपर्यंत घरी!

माझं अक्षर बरं, म्हणून फेअर कॉपी माझ्याकडे आली. पाचवीबद्दल तमिळ पंडितांनी लिहिलं होतं, 'एकही नाही.' त्यांच्या छडीसमोर मुलं श्वाससुद्धा परवानगीनं घेतात. त्याच पाचवीबद्दल गणिताच्या मास्तरांनी लिहिलं, 'सगळी.' आणि ड्रिल मास्तरांनी लिहिलं, 'एक. कितीही ओरडलं तरी जागचा हलत नाही.'

पाचवीचे वर्गशिक्षक आमचे हे. शेवटचा शब्द ह्यांचा. ह्यांनी सहा नावं काढली. त्यातली पाच मुलं तिरुभुवनम्‌ची. बेंचवर बसली की पाय खाली-वर, खाली-वर, घंटा होईपर्यंत!

रविवारी आमचे हे स्वतः त्यांच्या गल्लीत गेले. घरोघरी माग. आजोबा मागावर, बाप मागावर, आत्या मागावर, आणि सगळ्यांचे पाय पावड्यांवर खाली-वर, खाली-वर. ह्यांनी तक्रार सांगितली. आजोबांनी मानही वर केली नाही.

"पाय थांबले तर साडी थांबते, सार!"

पाच नावं खोडून आणि माझ्यासाठी एक साडी घेऊन हे परत आले. त्या मुलांबद्दल माझं मत तेव्हापासून फार चांगलं आहे.

उरली एकच, कामाक्षी. आमच्या शेजारची, दहा वर्षांची. तिच्याबद्दल मात्र वादच नव्हता. एका तासात ती पाणी पिऊन येते, फळा पुसते, दुसऱ्याची पाटी तिसऱ्याला देते आणि गणिताचं उत्तर गणित घालायच्या आधी सांगते. बहुतेक वेळा बरोबर!

तिची आई आमच्या ओट्याशी आली. "सार, एकदा घरी बसवलीत की ती कायमची घरीच. तिच्या आजीला तेवढंच हवंय!" आणि पदर तोंडाला लावला. ह्यांनी त्या दिवशी कॉफी घेतली नाही.

'कारण' भरायला गणिताच्या मास्तरांनी कामाक्षीच्या वडिलांना शाळेत बोलावलं. लहानपणी तुम्हीही असेच होता का, एवढंच विचारायचं होतं. वडील आले, बसले, उठले, खिडकी उघडली, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली, मास्तरांचे खडू लांबीप्रमाणे लावून ठेवले आणि प्रश्न निम्म्यात असतानाच "बरं, येतो!" म्हणून गेलेसुद्धा.

मास्तरांनी रकान्यात लिहिलं, 'वडील येऊन गेले.'

सासूबाईंना हे कारण पटलं नाही. हे घराणं मराठी, पण कैक पिढ्या इकडंच राहिलेलं, म्हणून त्यांची मराठी माझ्या पणजीच्या वेळची, आणि कामाक्षीच्या जन्माच्या वेळी त्या स्वतः तिथं हजर. "अगे, सातव्या महिन्यांत झालेली पोर ती! ओंजळींत मावत होती. आईच्या पोटांत नऊ महिने बसवलें नाही तिच्यानें, तुमच्या शाळेंत पांच तास बसेल?"

ह्यांनी हे जसंच्या तसं तमिळमध्ये हेडमास्तरांच्या कानावर घातलं. हेडमास्तर म्हणाले, "ठीक आहे. मी स्वतः टेस्ट घेतो. पंधरा मिनिटं एका जागी बसली, तर नाव खोडीन."

पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्या ओट्यावर आले. लिस्ट मांडीवर, खिशातलं घड्याळ तळहातावर. वेताच्या खुर्चीत ते, आणि खुर्चीमागे खांबाला टेकून खाली कामाक्षी. पलीकडच्या दारात तिची आई, डोळे मिटून.

कॉफी ठेवता ठेवता मी आयुष्यात पहिल्यांदा हेडमास्तरांशी बोलले. "तिच्या हातात फुलं दिली तर चालेल?"

"हात हलू देत. जागा सोडायची नाही!"

मी मोगऱ्याच्या कळ्यांची परडी आणि केळीच्या सोपाचा दोरा तिच्यापुढे ठेवला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. हे खांबाएवढेच ताठ! हेडमास्तर कमालीचे काटेकोर. त्यांनी घड्याळावरची नजर एकदाही काढली नाही.

"पंधरा!" ते ओरडले. "जागची हलली नाही!" पेन काढून त्यांनी कामाक्षीच्या नावावर जाड रेघ मारली, खाली सही केली आणि खुशीत उठले.

खुर्चीही उठली. त्यांच्या खांद्यावरच्या अंगवस्त्राचं मागचं टोक, खुर्चीची पाठ आणि ओट्याचा खांब, तिन्ही मोगऱ्याच्या एकाच घट्ट गजऱ्यात ओवलेली!

तेवढ्यात मागून आवाज आला.

"सार, हलू नका ना! दोनच कळ्या राहिल्यात."