पान्सुलदादांचं नाक

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी रुसायला नको. आमच्या वणवा विझवणाऱ्या तुकडीत नऊ माणसं, त्यात बाई मी एकटी, वय अठ्ठावन्न. नाव मालसुन, म्हणजे ‘आता मुली पुरे’. माझ्या पाठीवर आणखी दोघी झाल्या, तेव्हा नावाचा किती गुण आला ते दिसतंच आहे.

पण सांगायचंय ते पान्सुलदादांबद्दल. ब्योन पान्सुल, वय सदुसष्ट, आमच्या सोल्गोल गावात वरच्या आळीला एकटे राहणारे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा तिकडे बुसानला जहाजं बांधतो आणि चुसोकच्या, सुगीच्या सणाला फोन करतो. माणूस कमी बोलणारा. जेवताना मात्र गोष्टी सांगायचा, आणि त्या अशा सांगायचा की घास हातातच राहायचा.

शहरातल्या लोकांना वाटतं, वणवा विझवणं म्हणजे हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टर पाणी ओततं आणि जातं. ज्वाळा बसतात, टीव्हीवालेही जातात, आणि मग आम्ही म्हातारे वर चढतो. पाठीवर पंधरा किलो पाणी, हातात दाताळं. पाइनची मुळं जमिनीच्या आत धुमसत राहतात, वर धुराची रेघसुद्धा दिसत नाही. दोन दिवसांनी वारा सुटला की तिथूनच आग पुन्हा पेट घेते. ती आतली आग शोधून मारायची, हे आमचं काम. राख उकरायची, हातमोजा काढायचा, पंजाची पाठ मातीला लावायची. चटका बसला तर पाणी मारायचं, चिखल करायचा आणि पुन्हा हात लावायचा.

आता एवढ्या मोठ्या डोंगराला हात लावत बसणार कोण? तिथे दादांचं नाक. दादा उतारावर उभे राहायचे, डोळे मिटायचे, वाऱ्याकडे तोंड करायचे आणि बोट दाखवायचे, “तिथे. त्या दगडाच्या खाली.” आम्ही उकरलं की निखारा हमखास. त्यासाठी ते कधी मास्क लावायचे नाहीत. मास्क लावला तर वास कसा येणार? सोळा वर्षं त्यांनी नागड्या नाकाने धूर ओढला. खोकले की काळं पडायचं. मी ओरडायचे, तर म्हणायचे, “मालसुन, तुझ्या बडबडीपेक्षा धूर बरा.”

यंदा मात्र दादा फार हळू झाले होते. मार्चभर आम्ही एक एक डोंगर उरकून खाली उतरायचो आणि दादा अजून वरच. प्रमुख मेंग, म्हणजे आमचा म्होरक्या, चव्वेचाळीस वर्षांचा, आमच्यात तोच तरुण. तो खालून हाका मारायचा, “कासवदादा, उतरता की तिथेच घर बांधता?” आम्ही सगळे हसायचो. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही ट्रकमध्ये मागे बसून निघालो होतो. पंपाच्या पेट्रोलचा कॅन दादांच्या पायाशी होता. वळणावर त्याचं झाकण सुटलं आणि पेट्रोल सांडलं. माझं डोकं भणभणायला लागलं, बाकीचे नाक दाबून ट्रक थांबवायला केबिन ठोकायला लागले. दादा मात्र शांतपणे भाताची गुंडाळी खात होते. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत पेट्रोलने भिजली होती. मी “दादा, पाय!” म्हटल्यावर त्यांनी खाली पाहिलं.

बाकीच्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. मला नाही वाटलं. ट्रकमधून उतरल्यावर मी त्यांना ओढ्याकाठी गाठलं. ते विजार धूत होते.

“कधीपासून वास येत नाहीये?” मी विचारलं.

त्यांनी विजार पिळली, दगडावर पसरली. “हिवाळ्यात सर्दी झाली होती. सर्दी गेली, वास नाही आला परत.”

“आणि तुम्ही सगळे डोंगर ‘विझला’ म्हणून सांगत सुटलात? अहो, खाली माणसं राहतात.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

दादांनी नुसते हात पुढे केले. पंजांच्या पाठीवर फोड, फोडांवर फोड, कातडी सोललेली. म्हणाले, “वासाने शोधायचो ते आता हाताने शोधतो. बोटबोट जागा चाचपून मग सांगतो. तुम्ही कासव म्हणता ते उगाच नाही.”

माझं तोंड बंद झालं. माझं तोंड आपणहून बंद होण्याची वेळ आयुष्यात दोनतीनदाच आली असेल.

“मेंगला सांगा,” मी म्हटलं.

“मे महिन्यात हंगाम संपतो. तेवढा जाऊ दे.”

“तेवढा कशाला? इतकं काय अडलंय? पोट तर भरतंय तुमचं.”

“पोटाचं नाही गं.” ते ओढ्याकडे बघत होते. “सकाळी एकटा जेवतो, रात्री एकटा जेवतो. दुपारी नऊ जणांत जेवतो. मला काढलं तर तेही जाईल. मग मी बोलायचं कुणाशी, भिंतींशी?”

मी म्हटलं, बरं, नाही सांगत. चुकलंच माझं. पण त्या हातांकडे बघून दुसरं काही बोलवलं नाही.

चार दिवसांनी सोल्गोलच्या पलीकडच्या खेड्यात कुणीतरी बांधावरचा पाला जाळला आणि आग डोंगरावर गेली. दोन दिवस हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती. खालच्या खेड्यातली वीस-बावीस म्हातारी माणसं शाळेच्या व्यायामशाळेत नेऊन ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर चढलो. डोंगर भला मोठा, सगळा पाइन, सगळा काळा. दुपारी तीननंतर जोराचा वारा सुटणार, असा हवामान खात्याचा निरोप होता. शाळेतली माणसं आमच्या निरोपाची वाट बघत होती. एका आजीने तर मेंगला गाठून विचारलं होतं, “माझी गाय गोठ्यात आहे रे, कधी सोडशील मला घरी?”

आम्ही साडेबारापर्यंत राबलो. मग मेंग वायरलेस हातात घेऊन दादांपाशी आला. “दादा, काय म्हणतंय नाक? विझला ना? सांगू त्यांना, या म्हणून?”

मी दहा पावलांवर होते. दादांनी सवयीने डोळे मिटले, वाऱ्याकडे तोंड केलं. अर्धा डोंगरही त्यांचा चाचपून झाला नव्हता, ते मला ठाऊक होतं. ते ‘हो’ म्हणाले तर मला बोलावं लागणार होतं, आणि मी बोलले तर त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडणार होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

“मेंग, मला माहीत नाही.”

“म्हणजे?”

“नाक गेलंय माझं. हिवाळ्यापासून. आधीचे डोंगर हाताने तपासले होते, त्यांची काळजी करू नको. पण हा मोठा आहे. याला माझे एकट्याचे हात नाही पुरत.”

मेंग लाल झाला. त्याने शिवी दिली, चांगली घसघशीत, बापाच्या वयाच्या माणसाला. दादा खाली मान घालून उभे राहिले, तुकडीचं जाकीट काढायला लागले. अर्धी बाही निघाली होती. मेंगने पुढे होऊन ती परत वर ओढली. “घाला ते. नंतर बघतो तुमच्याकडे.” मग तो आमच्याकडे वळला, “मोजे काढा सगळ्यांनी. ओळीत उभे राहा, हाताला हात लागेल असे. खेड्याच्या माथ्यावरचा पट्टा, शिखरापासून खालपर्यंत. दादा, कसं चाचपायचं ते यांना दाखवा.”

मग आम्ही आठ जण गुडघ्यांवर बसलो आणि डोंगर उतरायला लागलो. इंच इंच. दादा ओळीच्या मागे फिरत होते, “दाबू नको, नुसता टेकव... बोटं नाही, पाठ लाव, बोटं राठ असतात.” माझ्या गुडघ्यांनी मला आईबाप आठवायला लावले. पावणेतीन वाजता, खेड्यापासून फार तर दोनशे पावलांवर, एका तुटक्या बुंध्यापाशी मी हात टेकवला आणि असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. उकरलं, तर मुळं आतून लालबुंद. सगळ्या टाक्या तिथे रिकाम्या केल्या. वारा आला तेव्हा आम्ही त्या चिखलातच बसलेलो होतो. डोंगर पेटला नाही. आजी आपल्या गायीकडे गेली.

सोमवारी मेंग दादांना इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, नाकाचं परत येणं कठीण, आणि फुफ्फुसं टिकवायची तर धूर बंद म्हणजे बंद. दादांचं नाव यादीतून कमी झालं. मेंगने आम्हा सगळ्यांना नवे मास्क दिले आणि सांगितलं, ज्याच्या तोंडावर दिसणार नाही त्याला ट्रकमधून उतरवीन.

दादा घरात बसले ते बसलेच. चार दिवस दिसले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी मेंगने ट्रक वरच्या आळीला वळवला. दादांच्या अंगणात ट्रक उभा केला, आम्ही आठ जण ओट्यावर डबे उघडून बसलो. दादा बाहेर आले, आमच्याकडे बघितलं, आत गेले आणि आंबवलेल्या किमचीचं मडकंच उचलून घेऊन आले. “ही काय खानावळ आहे?” असं म्हणाले आणि मडकं आमच्या मधोमध ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर अंगणात नऊ वाट्या मांडलेल्या. दादांनी आमच्यासाठी वाळल्या माशाचं कालवण केलं होतं. त्यांची बायको करायची तसं, असं सांगत त्यांनी प्रत्येकाला वाढलं, मग स्वतः समोर बसून आमच्या तोंडांकडे बघत राहिले.

कालवण करपलं होतं. चांगलं तळापासून करपलं होतं. फाटकापासूनच वास येत होता. मेंग मान खाली घालून भुरके मारत होता, बाकीचेही. “वा,” कुणीतरी म्हणालं, “झकास.” दादांचा चेहरा खुलला. मीही गप्प बसले असते. पण त्या डोंगरावर हा माणूस खोटं बोलू शकत होता आणि बोलला नाही, तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोलायचं कुठल्या तोंडाने?

“करपलंय, दादा,” मी म्हटलं. मेंगने मला ढुशी दिली. “खालून पार लागलंय. वाढा अजून थोडं.”

दादांनी पळी तशीच धरली. एकदा पातेल्यात बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी माझी वाटी काठोकाठ भरली.

“उद्या तू जरा लवकर ये,” ते म्हणाले. “तू वास घेऊन सांगत जा, मी गॅस बंद करीन.”