देवाकडून परत मागितलेलं सीताफळ

मी जयंत ओहोळ. मूळचा नगरकडचा. पोटापाण्यासाठी भोपाळला आलो, बरखेड्याच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. आता कोटरा सुल्तानाबादेत दोन खोल्या आणि पुढे हातरुमालाएवढं अंगण आहे. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत देण्याच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही, असं माझं मत आहे. इतरांचं मत मी विचारलेलं नाही.

दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, हातात पडणाऱ्या पगारावर द्यायचा की कापाकापीच्या आधीच्या पगारावर, यावर मंडळीत नेहमी वाद होतो. मी कापाकापीच्या आधीच्या पगारावर देत आलो. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं प्रभूने सांगितलं आहे. माझ्या डाव्या हाताला खरंच कळत नसे, बाकी अख्ख्या मंडळीला कळत असे.

नोव्हेंबरात आमच्याकडे कापणीचा सण असतो. शेत आता कोणाकडेच नाही, सगळे नोकरदार. पण ज्याच्या त्याच्या कुंडीत, परसात जे पिकेल किंवा पाळलेलं असेल ते वेदीपुढे आणून ठेवायचं, नाहीतर घरी काही करून आणायचं, आणि उपासना संपली की मंडपात त्याचा लिलाव. पैसे देवाच्या कामाला. या लिलावात माझा एक ठरलेला उद्योग असतो. मला घ्यायचं काहीच नसतं, पण मी बोली चढवत नेतो आणि नेमका वेळेवर गप्प बसतो. मागे एकदा सरोजबाईंनी माझ्या कृपेने एक दुधी अशा भावात घेतला, की त्यात घरी मटण शिजलं असतं. सरोजबाई म्हणजे निवृत्त स्टाफ नर्स. त्यांच्या आवाजापुढे पेटी ऐकू येत नाही आणि त्या काही विसरत नाहीत.

यंदा माझ्या अंगणातल्या सीताफळाला पहिल्यांदा फळ धरलं. एकच. खारी आणि पोपटांपासून वाचवायला मी त्याला माझा धुतलेला पायमोजा चढवला. पहिलं फळ देवाचं, हे मी ते लिंबाएवढं असतानाच जाहीर करून टाकलं, घरी, शेजारी आणि चर्चच्या पाळकसाहेबांनाही.

आता वैजयंतीबद्दल सांगायला हवं. ती माझी बायको. उन्हाळ्यात तिच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग औषधांचे डोस सुरू झाले आणि तिच्या तोंडाची चव गेली. पोळी पुठ्ठ्यासारखी लागते म्हणायची. मी आग्रह केला की औषध गिळावं तसे चार घास गिळायची, आणि तिचे कपडे दिवसेंदिवस तिला मोठे होत चालले होते. मी घाबरलो होतो. पण ते कोणाला सांगितलं नाही, कारण ज्याने कायम दुसऱ्यांना धीर दिला त्याने भीती सांगत हिंडायचं कसं?

सणाच्या आदल्या संध्याकाळी मी फळ उतरवलं. त्याचे डोळे उघडले होते, वास सुटला होता. वैजयंती दारात खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, "अहो, हे मला खावंसं वाटतंय."

कित्येक महिन्यांत तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. शहाण्या माणसाने ते तिथल्या तिथे फोडून तिच्या हातात दिलं असतं. मी तिला पहिल्या फळाचं महत्त्व समजावून सांगितलं. बाजारातून हवी तेवढी आणतो, असंही म्हणालो. बाजारच्या फळाने तिला मागच्या आठवड्यात मळमळलं होतं, याचा वास तेवढा बरा वाटला, असं ती म्हणाली. मग तीच म्हणाली, असू दे, देवाचं आहे ते. आणि आत जाऊन पडली.

 जेवताना मला युक्ती सुचली. फळ देवाला द्यायचं आणि लिलावात आपणच विकत घ्यायचं. देवालाही मिळालं, बायकोलाही मिळालं, शिवाय माझं नाव राहिलं. एवढा हुशार माणूस फोरमनच्या पुढे का गेला नाही, याचं मला नवल वाटलं.

लिलाव करायला तरुण संघाचा प्रतीक उभा होता. त्याची मराठी अस्सल भोपाळी. "ओहोळ अंकलच्या घरचा सीताफळ आहे, एकदम बढिया. बोला," असं त्याने म्हणताच मी पन्नास रुपये बोललो. सरोजबाई शंभर बोलल्या. मी वाढवले, त्यांनीही वाढवले. मी आपल्याच फळावर बोली लावतोय म्हटल्यावर मंडपात हशा पिकला. म्हातारा आपल्या मालाचा भाव चढवतोय, आज याला लटकवू या, असं सगळ्यांनी ठरवलेलं दिसलं. एरवी हातपंखा हलवत बसणारे लोकही बोलू लागले. सरोजबाई तर हटेनात. दुधी वसूल होत होता.

बोली माझ्या खिशातल्या पैशांच्या पुढे गेली. लिलावात उधारी नाही, रोख आणि तिथल्या तिथे, हा नियम कमिटीत हट्टाने मीच मंजूर करून घेतला होता. मोबाइलवरून पैसे देणं मला जमत नाही. प्रतीकने "दोन वार" म्हटलं.

मी उभा राहिलो. "सरोजबाई, थांबा. मला ते खरंच हवंय. वैजयंतीने काल मागितलं, आणि मी दिलं नाही."

 मंडप चिडीचूप झाला. एवढी शांतता पाळकसाहेबांना उपदेशातही मिळत नाही.

"स्वतःहून मागितलं तिने?" सरोजबाईंनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी शेवटच्या बोलीच्या दुप्पट पैसे प्रतीकच्या टेबलावर ठेवले, फळ उचललं आणि येऊन माझ्या हातावर ठेवलं. मी सवयीने खिसा चाचपू लागलो. खिशात जे काही होतं ते तरी द्यावं, बाकीचं सोमवारी पोचवतो म्हणावं, असा विचार चालला होता.

"खिशातला हात बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "आज नुसतं घ्या."

मला घेता येत नव्हतं. आयुष्यभर मी देत आलो आणि घेणारे कसे ओशाळतात ते वरून बघत आलो. आता मी सगळ्यांदेखत फळ धरून उभा होतो, कान तापले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. आभार मानायला शब्द सापडेपर्यंत प्रतीकने पुढची कोंबडी विकलीसुद्धा.

घरी येताना वैजयंतीला काय थाप मारायची ते ठरवलं होतं. पण फळ फोडून ताटली तिच्यापुढे ठेवली आणि सगळं खरं सांगून टाकलं. तिने डोळे मिटून प्रार्थना केली. पहिला गर तोंडात घेतला, बी काढून तळहातावर ठेवली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. दुसरा घास तिने मी न सांगता घेतला. मग तिसरा.

"म्हणजे यंदा सणाला तुम्ही काहीच दिलं नाहीत," ती म्हणाली.

"नाही. उलट घेऊन आलो."

ती हसली. मग ताटली माझ्यापासून जराशी लांब सरकवली आणि उरलेलं सीताफळ एकटीने संपवलं.