पोडावरची अटक

पोलीस खात्यात मी लागलो तेव्हा आमचा यवतमाळ जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी एकवीस वर्षांचा, बाभुळगावकडचा, सातवी पास. ट्रेनिंगला कायद्याचा तास एक म्हातारे उस्ताद घ्यायचे. अटकेचं कलम ते आमच्याकडून घोकून घेत. माणसाच्या अंगाला हात लावला की अटक झाली. तो तोंडाने किंवा वागण्याने ‘येतो’ म्हणाला, तर हात लावायचीही गरज नाही. झोंबला तरच बळ वापरायचं, आणि तेही तो पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच. त्या पेपरात मी वर्गात पहिला आलो. हे मिरवायला सांगत नाही. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता आलं नाही, म्हणून सांगतोय.

पहिली नेमणूक केळापूर तालुक्यात मिळाली. ठाण्याचं नाव लिहीत नाही. भोवती सागाचं जंगल, आणि जंगलात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे दहा-पंधरा झोपड्यांच्या वस्त्या. तिथली माणसं बांबूचे तट्टे अन् टोपल्या विणायची आणि बाजारच्या दिवशी डोक्यावर घेऊन गावात यायची.

दिवाळीनंतर एका मोठ्या कास्तकाराची बैलजोडी हरवली. एक कोलाम आदल्या सांजेला नाल्याकाठी दिसला होता, एवढ्यावरून कास्तकाराने त्याचं नाव घेतलं. ठाणेदारांनी जमादारांना आणि मला पाठवलं. जमादार पन्नाशीचे होते. मला हिवताप आला तेव्हा पंधरा दिवस त्यांनीच आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. त्यांच्या बायकोच्या हातची ज्वारीची आंबील पिऊन मी उठलो. त्यामुळे ‘सगळं त्यांच्यामुळे झालं’ असं लिहिणं सोपं असलं तरी मला ते जमणार नाही.

सकाळी नवाच्या सुमाराला पोडावर पोचलो. तो माणूस अंगणात बसून बांबू फोडत होता. तिशीतला, बारीक अंगाचा. हातात कोयता. जमादार मला हळूच म्हणाले, “तू मांगून जाय. पळाला तं तुह्याकडंच येईन.” मी झोपडीला वळसा घालून त्याच्या पाठीमागे उभा राहिलो.

जमादार समोरून ओरडले, “ऊठ! कोयता टाक!”

त्याला मराठी फारशी येत नव्हती. तो उठला तो कोयता हातात घेऊनच. जमादारांनी लाठी उगारली. मग त्याला समजलं असावं. त्याने कोयता टाकला. तो दगडावर पडल्याचा खण्णकन आवाज झाला. मी तो ऐकला. नंतर त्याने दोन्ही हात पुढे केले, मनगटं जवळ आणून. ‘बांधा’ म्हणायला माणूस करतो तसे.

“मार!” जमादार ओरडले.

मी मारलं. उजव्या बाजूने, दोन्ही हातांनी लाठी धरून, त्याच्या पुढे केलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. तो गुडघ्यांवर बसला. डोळे समोर, जमादारांच्या उगारलेल्या लाठीकडे. मागे वळून त्याने पाहिलंच नाही.

झोपडीच्या दाराशी त्याची बायको उभी होती. तिने मात्र पाहिलं.

ठाणं तीन कोसांवर. वाटेत त्याचा हात सुजून निळा पडला. मी माझ्या पायाची एक पट्टी सोडली. तेव्हा शिपायाच्या पोटऱ्यांना खाकी पट्ट्या गुंडाळलेल्या असत. तिची झोळी करून त्याचा हात गळ्यात बांधला. नाल्यावर ओंजळीने त्याला पाणी पाजलं. त्याने माझ्याकडे पाहून आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. जमादार पुढे चालत होते. ते न वळता म्हणाले, “आता कायले करून राह्यला हे?”



पाचव्या दिवशी बैल सापडले. ते कोणी चोरलेच नव्हते. दावं तोडून गेलेले, पलीकडच्या गावच्या कोंडवाड्यात उभे होते.

माणसाला सोडायला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं, तेव्हा त्याचा हात प्लॅस्टरमध्ये होता. मॅजिस्ट्रेट तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी जमादारांना विचारलं, “संशयावरून आणलेल्या माणसाचा हात कसा मोडला?”

“झटापट झाली साहेब. त्याच्या हातात कोयता होता.”

“कोयता त्याने टाकला होता की नाही?”

“ध्यानात नाही साहेब.”

मॅजिस्ट्रेट माझ्याकडे वळले. “तू सांग. त्याने विरोध केला?”

मला कलम शब्दाशब्दाने आठवत होतं. मी म्हणालो, “झटापट झाली साहेब.”

मग त्यांनी त्या माणसालाच विचारायला लावलं. फॉरेस्टचा एक गार्ड दुभाष्या म्हणून उभा होता. माणूस बराच वेळ बोलला. शेवटी त्याने डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं. गार्ड म्हणाला, “साहेब, तो म्हणते, समोरच्या मोठ्या शिपायानं मारलं. या लहान्यानं हात बांधून देला, पाणी पाजलं. हा भला माणूस हाय.”

मॅजिस्ट्रेट माझ्याकडे पाहून म्हणाले, “शाबास.”

त्यांनी हुकमात जमादारांवर ताशेरे ओढले आणि माझ्याबद्दल दोन चांगली वाक्यं लिहिली. जमादारांची पगारवाढ रोखली गेली. माझ्या सर्व्हिस शीटवर शाबासकीची नोंद झाली. जमादारांना सगळं ठाऊक होतं. ते ठाणेदारांकडे गेले नाहीत, मलाही बोलले नाहीत. फक्त त्यांच्या घरून मला जेवायचं बोलावणं येईनासं झालं.

हात वाकडा बसला. बोटांत जोर राहिला नाही. त्याला बांबू फोडता येईना, म्हणून कोयता आता बायको चालवायची आणि तो मोळ्या वाहायचा. दर बाजाराला तो मला शोधत यायचा. “राम राम,” म्हणून डाव्या हाताने माझा दंड धरायचा, बरोबरच्या माणसांना माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगायचा. ती माणसं मला हात जोडायची. बायको बाजूला उभी असायची. तिने कधी राम राम घातला नाही. ती माझ्या तोंडाकडेही पाहत नसे. माझ्या हातांकडे पाही.

उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, मी एकटाच पोडावर गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. तो जंगलात गेला होता. बायको अंगणात विणत बसली होती. बाजारात जाऊन जाऊन तिला आमची बोली येत होती.

“कायले आले दादा?” तिने मान वर न करता विचारलं.

“त्याले सांगाले आलो. त्या दिवशी...”

“मले मालूम हाय.”

“मंग तू त्याले काहून नाही सांगितलं?”

तिने हातातली बांबूची कांबीट खाली ठेवली. “तो साऱ्या पोडाले सांगते, पोलिसांत एक भला माणूस हाय म्हणून. आधी शिपाई दिसला की आमची माणसं जंगलात पळत. आता नाही पळत. तुमी सांगान अन् हलके होऊन जासान. तो काय करीन मंग? हात तं गेलाच त्याचा.”

मग ती म्हणाली,

“त्याले नका सांगू. तुमच्यापाशीच ठेवा. अन् इकडं येऊ नका.”

तिने पुन्हा विणायला घेतलं. मी निघालो.

पुढे दोन वर्षं मी त्याच ठाण्यात काढली. दर बाजाराला त्याचा राम राम घेतला आणि दिला. महाराष्ट्र झाला त्या साली माझी बदली उमरखेडकडे झाली. निघायच्या दिवशी तो मोटार स्टँडवर आला होता. त्याने माझी ट्रंक उचलायला हात घातला, ती त्याला पेलेना, आणि तो आपल्या हाताकडे पाहून हसला, जणू हात दुसऱ्या कोणाचा असावा. ट्रंक मीच वर चढवली. मोटार सुटेपर्यंत तो उभा होता. ती आली नव्हती.

तिचं म्हणणं बरोबर होतं की मला गप्प राहायला एक निमित्त मिळालं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. लग्न झाल्यावर बायकोनं माझ्या शीटवरची ती नोंद शेजारणीला कौतुकाने सांगितली, तेव्हा मी तिच्यावर उगाच खेकसलो. का ते तिला कधी कळलं नाही.