मशीनच्या कानाला ठेका

दौंडच्या थेरपीच्या खोलीबाहेर एक बाक होता. पोरं आत, आम्ही आया बाहेर. ऐकू न येणाऱ्या पोराला ऑपरेशन करून कानात बसवतात ते कॉक्लियर, आम्ही नुसतं मशीन म्हणायचो. एकीनं आपल्या पोराचं सांगितलं की दुसरीला तिचं आठवायचं, आन् हसण्यात बस चुकायची. आता पोरं मोठी झाली, बाक सुटला. किस्से तेवढे माझ्याकडं राहिले.

*

माझ्या सोनीला मॅडम शिकवायच्या, ढोलकं वाजलं की दांडीत रिंग टाकायची. एकदा मॅडम एका लयीत वाजवता वाजवता थांबल्या, तरी सोनीच्या रिंगा चालूच.

"अहो, ही ऐकत नाहीये, अंदाजानं टाकतीय."

"मॅडम, तुम्ही ठेका धरला, तिनं उचलला. आता तुम्हीच मधी सोडला तर ती काय करंल?"

मॅडम हसल्या. पुढच्या खेपेपासून आडवंतिडवं वाजवायला लागल्या.

*

भांडगावच्या मंदाचा पोरगा यश त्याहून भारी. मशीनमधून ठेका चोख कळायचा, चाल काही कळायची न्हाई. गणपतीत आरतीच्या टाळ्या सुरू झाल्या, ठेका हळदीच्या गाण्यासारखा. गडी तोंडात रुमाल धरून नाचायला लागला. मंदा त्याला ओढाय गेली, तर सासू म्हणाली, "नाचू दे. देवापुढं दुसरं कोण नाचतंय एवढं?"

*

मशीन एकाच कानात, म्हणून हाक कुठून आली ते कळायचं न्हाई. मी गोठ्यातून ओरडायची, सोनी माळवदावर शोधायची. एकदा वैतागून म्हणाली, "आई, आधी दिस, मग बोल."

*

सोनीचा जीव गजीच्या नाचात. आम्ही धनगर, गळ्यात ढोल अडकवून माझे सासरे, आबा, वाजवायचे आन् गडी ओळीनं नाचायचे. वडगाव रासाईच्या शाळेनं गॅदरिंगला पोरींची गजी बसवली. सरांचा फोन आला, "ताई, सोनी नको. ओळ मोडंल." पोर दोन घास जेवली न्हाई.

मी शाळेत गेले. "मोडली तर मीच हाताला धरून घरी नेते. आधी उभी तर करा."

सरावाला पटांगणात आबांनी ढोल धरला. नातीला ओळीत बघून म्हाताऱ्याला चेव आला. पोरी रुमाल उडवत नाचत होत्या, आन् सोनी मागं पडायला लागली. सर माझ्याकडं बघायला लागले.

सोनी ओळ सोडून सरळ आबांपुढं गेली आन् ढोलावर हात ठेवला.

"आबा, तुम्ही ठेका सोडून पळताय."

उभ्या जन्मात आबांना असं बोलायची कुणाची टाप झाली नव्हती. त्यांनी पटका सारखा केला, सरांकडं वळले.

"सर, हिला म्होरं उभी करा. मला दिसंल अशी."