बेंबांच्या घरचं वर्षश्राद्ध

एन्दोलाच्या विमानतळावर आईचं आणि काउंटरवरच्या माणसाचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. घर सोडतानाची माझी पहिली आठवण हीच. बॅग जास्त जड भरली होती. आई त्याला बेंबा भाषेत सुनावत होती की पोरगी अमेरिकेला निघालीय, बाजारात भाजी आणायला नाही. उद्या तुझी पोरगी जाईल तेव्हा बघते मी तू किती तोलून-मापून पाठवतोस ते. मागची रांग मजेत ऐकत होती. शेवटी त्या बिचाऱ्यानं हात टेकले. "बाना मंजू, न्या. अख्खं घर न्या." बाना मंजू म्हणजे मंजूची आई. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात, आणि आईला आमचं निम्मं किट्वे शहर त्याच नावानं ओळखायचं.

बाबा बाजूला उभे राहून हसत होते. ते भूगोलाचे मास्तर. निघताना मला एवढंच म्हणाले, "कुणाशी पटलं नाही तरी बोलणं सोडू नकोस. आपल्या देशाला समुद्र नाही. आपल्याला शेजारी सोडून चालत नाही."

आपला देश म्हणजे झांबिया. बाबा बार्शीचे, पण मी दोन वर्षांची असताना ते किट्वेला गेले. देश नुकता स्वतंत्र झालेला, शाळांना मास्तर हवे होते. पुढे त्यांनी तिथलं नागरिकत्वही घेतलं. बार्शीच्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. वेड्यात काढण्यासारखं होतंही म्हणा. एकच पक्ष, मतपत्रिकेवर एकच नाव, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. दुकानात साबण नसेल, तेल नसेल, पण राष्ट्राध्यक्षांचा फोटो भिंतीवर असायचाच. दक्षिणेला गोऱ्यांची राजवट, त्यांच्याशी वैर. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांना आमच्याकडे आसरा, म्हणून कधी कधी त्यांची विमानं येऊन बॉम्ब टाकून जायची. ती सरहद्द बंद झाली तेव्हा आमचं तांबं समुद्रापर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न पडला. मग चिन्यांनी दार-एस-सलामपर्यंत रेल्वे बांधून दिली. बाबा फळ्यावर आठ शेजारी काढायचे आणि वर्गाला सांगायचे, "आपण मधल्या खोलीत राहतो. बाहेर जायचं तर कुणाच्या तरी खोलीतूनच जावं लागणार. तेव्हा जरा गोड बोला."

किट्वेत मूळचा असा कुणी नव्हताच. तांब्याच्या खाणींसाठी सगळ्या प्रांतांतून माणसं आलेली. सत्तरहून जास्त जमाती त्या देशात, त्यामुळे ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला: तुमची जमात कुठली? बाबा बिनदिक्कत सांगायचे, "बेंबा." शेजार बेंबांचा, आम्ही बोलायचो बेंबा, मग झालं तर. लोक खो खो हसायचे आणि मान्य करून टाकायचे. आणि एकदा बेंबा झालात की अंगोनी लोक तुमचे चुलत भाऊ. या दोन जमाती कधीकाळी एकमेकींशी लढल्या होत्या. आता त्या लढाईची थट्टा झालीय. अंगोनी माणूस बेंबाला 'माकडं खाणारे' म्हणणार, बेंबा त्याला 'उंदीर खाणारे' म्हणणार, एकमेकांच्या ताटातलं उचलून खाणार, आणि रागवायचं कुणीच नाही. रागवायचा हक्कच नाही. मयताच्या घरीसुद्धा हे चुलत भाऊ येतात, चूल पेटवतात, ओझी वाहतात आणि मेलेल्याची यथेच्छ टिंगल करतात. बाबा गेली कित्येक वर्षं शाळेतल्या अंगोनी मास्तरांकडून माकडांवरून बोलणी खात होते. घरात अंडंही न आणणारा माणूस!

अमेरिकेत एडिसनला मामाच्या घरी आले तेव्हा इथंही पहिला प्रश्न तोच निघाला. "तुम्ही मूळच्या कुठल्या गं?" मी किट्वे सांगितलं की इथल्या मराठी काकू समजूतदारपणे हसायच्या. "ते झालं गं, पण मूळ?" बार्शी म्हटलं की चेहरे खुलायचे आणि बार्शीतल्या कुणाकुणाबद्दल विचारणा व्हायची. मी बार्शी दोनदा पाहिलेली! कॉलेजातल्या अमेरिकन मुलांची वेगळीच तऱ्हा. आफ्रिकेतून आलीस म्हणतेस, मग अशी कशी दिसतेस? मी उत्तरं देऊन देऊन वैतागले. डॉर्म बदलली, रूममेट बदलल्या, मेजर बदललं. पायाला भिंगरी लागली होती नुसती. मामी म्हणायची, "सेटल हो गं बाई." मला सेटल या शब्दाचाच राग यायचा.

मग कॅफेटेरियात जेरे भेटला. चिपाट्याचा, म्हणजे आमच्याकडच्या अंगोनी मुलखातला, शेतकी विषयात पीएचडी करणारा, ताडमाड उंच. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की एक झांबियन मुलगी आहे. त्यानं मला पाहिलं, क्षणभर गोंधळला, आणि विचारलं, "जमात?" सवयीनं मी म्हणाले, "बेंबा." तो समोरची खुर्ची ओढून बसला, माझ्या प्लेटमधले निम्मे फ्राइज आपल्याकडे घेतले आणि म्हणाला, "मग हे माझे. माकड खाणाऱ्यांना बटाटे कशाला?" अमेरिकेत आल्यापासून मला त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली. मामाच्या घरी फोन करून सांगितलं तर मामी उत्सुकतेनं म्हणाली, "जेरे? कुठले जेरे? सांगलीचे का?" अंगोनी जेरे, असं सांगितल्यावर तिचा आवाज जरा उतरला.

शहाऐंशीच्या डिसेंबरात तिकडे मक्याच्या पिठाचे भाव चढले आणि किट्वेत दंगली पेटल्या. जानेवारीत बाबा गेले. दंगलीत नाही, वर्गात शिकवता शिकवता खाली बसले ते उठलेच नाहीत. निरोप माझ्यापर्यंत आला तोवर सगळं उरकलं होतं. माझ्या व्हिसाचं झंझट होतं, बाहेर पडले असते तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. मी गेले नाही. मामानं तिकीट पाठवून आईला एडिसनला आणलं.

आणि आई बोलेनाशी झाली. तुम्ही तिला किट्वेच्या साबणाच्या रांगेत पाहायला हवं होतं. कोण मध्ये घुसलं, कोण वशिल्यानं आलं, सगळ्यांचा हिशेब ही बाई चुकता करायची. इथं ती खिडकीशी बसून राही. सुपरमार्केटला नेलं तर दारं आपोआप उघडायची, भाव छापलेले असायचे, कॅशियर "हॅव अ नाइस डे" म्हणायचा. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मुद्दाम नेलं, वाटलं निदान वांग्यांवरून तरी घासाघीस करेल. तिनं मुकाट्यानं पिशवी उचलली. जेवायचीही कमी झाली. आठवड्यागणिक ती आटत चालली होती आणि मला भीती वाटायला लागली की बाबांमागोमाग हीही जाणार, तीही अशी, काही न बोलता. मामा म्हणायचा वेळ लागेल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी वसंतात दोन बेडरूमचं अपार्टमेंट घ्यायचं ठरवलं होतं, आम्हा दोघींसाठी. दुसरं काय करणार?

वर्षश्राद्धाला बाहेर गुडघाभर बर्फ होता. मामानं पोथीवरून विधी केले. बाबांच्या नावानं जेवायला म्हणून लेलेकाकांना बोलावलं होतं. त्यांचा फोन आला, गाडी रस्त्यातच अडकलीय, येणं कॅन्सल. बाबांच्या हार घातलेल्या फोटोसमोर पान वाढून ठेवलेलं, वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं. आलेली दहा-बारा माणसं हळू आवाजात बोलत होती. आई कोपऱ्यात.

जेरेला मी बोलावलं होतं. खरं म्हणजे त्यानं स्वतःला बोलावून घेतलं. बाबांचं वर्षश्राद्ध आहे म्हटल्यावर तो दुखावलाच. "आणि मला सांगत नाहीस? मग त्याला शिव्या कोण घालणार?" मला वाटलं, येईल, गप्प बसेल, जाईल. कसलं काय!

तो काळा सूट घालून आला, बूट काढले, सरळ फोटोसमोर जाऊन उभा राहिला आणि मोठ्यांदा हसला. मग बेंबातून सुरू झाला. "पळालास होय रे माकडखाऊ? आम्हाला न विचारता? बघा, बघा, मेला तरी मास्तरकीचा तोरा गेला नाही तोंडावरचा!" आणि खाली मांडी घालून त्यानं पानातला एक वडा उचलून तोंडात टाकला. "मेलेल्या बेंबाला वडे कशाला?"

एका काकूंच्या हातातून फुलपात्र पडलं. भाषा कळली नाही तरी हसणं आणि वडा सगळ्यांना कळला होता. मामा लालबुंद झाला. "व्हॉट द हेल! मंजू, हा कोण माणूस? बाहेर काढ त्याला!"

तेवढ्यात आई उठली. तरातरा चालत आली आणि जेरेच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उंदीर खाऊन पोट भरत नाही वाटतं तुमचं? मेलेल्याच्या ताटावर डोळा?" अस्खलित बेंबा, तीही किट्वेच्या बाजारातली.

जेरेचा चेहरा उजळला. "बाना मंजू, लढाईत पळवलं होतं आम्ही तुमच्या लोकांना. ताटाचं काय घेऊन बसलात?"

"पळालात तुम्ही! थेट दक्षिणेतून जे पळत सुटलात ते चिपाट्याला दमून बसलात!"

आणि आई हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. जेरेच्या खांद्याला धरून ती मोठ्यानं रडली, त्या वर्षात पहिल्यांदा. तोही रडत होता, बाबांना कधी न पाहिलेला माणूस. मग आई मामाकडे वळून मराठीत बोलली. "अरू, किट्वेतही आले होते हे लोक. ह्यांच्या शाळेतले अंगोनी मास्तर. तिथल्या आपल्याच भारतीय माणसांनी दारातून घालवलं त्यांना, मयताच्या घरी हसता म्हणून. ह्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, कुणी नक्कल केली नाही. चोरासारखं गुपचूप नेलं रे ह्यांना."

आईनं डोळे पुसले आणि मामीला म्हणाली, "त्याला नीट वाढ. वडे गरम आण." जेरे त्याच पानावर, बाबांच्या नावच्या पानावर, पोटभर जेवला. आई शेजारी बसून एकेक वडा वाढत होती आणि एकेका वड्याबरोबर त्याच्या सात पिढ्या उद्धरत होती.

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी ती म्हणाली, "मी परत जाते." मामाला वाटलं बार्शीला. "किट्वेला," ती म्हणाली. तो उखडलाच. दंगली, महागाई, साबणाच्या रांगा, एकटी बाई. "ताई, इथं तुला काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. भांडायला माणूस नाही."

मामा माझ्याकडे वळला. "मंजू, तू तरी सांग हिला." आई माझ्याकडे बघत होती. मी राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "जाऊ दे तिला." आणि चहाचे कप उचलून आत गेले.

ती आता किट्वेत आहे. पोरांना गणितं शिकवते, फोनवर मला रागावते, मध्येच लाइन जाते. जेरे कामासाठी ओहायोला गेला. मी एडिसनलाच आहे, ट्रेननं ऑफिसला जाते, येते, वीकेंडला उगाच ड्राइव्ह करत लांब जाऊन परत येते. इथं सगळे माझ्याशी फार चांगले वागतात, आणि मला करमत नाही. घर कुठलं याचं उत्तर मी आता देत नाही. फक्त एडिसनच्या काका-काकूंनो, तुमच्यासाठी एक लिहून ठेवते. मला काही झालं तर तुम्ही फुलं घेऊन याल, हळू बोलाल, ते तुमचं प्रेम आहे. पण त्याआधी ओहायोला फोन करा. आणि तो हसत आला तर त्याला दारात अडवू नका.