चुकला तो चुलीवर

फ्रिस्कोतल्या मराठी मंडळींत त्र्यंबक बोधनकरांची ओळख करून देताना लोक एवढंच सांगतात की नोव्हेंबरात यांना फोन करू नका. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो आणि नागपूरहून आलेला हा सॉफ्टवेअरवाला मग कुणाचा नवरा नसतो, कुणाचा बाप नसतो. मुलगी रुही जन्मली तेव्हा ते कॅम्पवर होते. सासूबाई वारल्या तेव्हा त्यांची बायको शोभाताई एकट्याच नागपूरला गेल्या. "सासूबाई गेल्याच होत्या. हरणाचा नर अजून जिवंत होता," असं ते पार्टीत सांगतात, शोभाताई शेजारी बसलेल्या असतानाही.

ब्राउनवुडच्या पलीकडे एका रँचवर त्यांनी शिकारीचा हक्क भाड्याने घेतला. हळूहळू मित्र जमवले, बायकापोरांना ओढून नेलं. एक जुना ट्रेलर, दोन तंबू, आणि खांबांवर चढवलेली पत्र्याची खोकी. अशा खोक्याला ब्लाइंड म्हणतात. पहाटे आत जाऊन बसायचं, समोरच्या फीडरमधून मका सांडतो, तो खायला हरीण आलं की गोळी घालायची. दुपारी सावजी रस्सा. ओढ्याकाठचा ब्लाइंड पहिल्या दिवसापासून त्र्यंबकरावांचा.

आणि नियमही त्यांचाच: चुकला तो चुलीवर. ज्याचा नेम हुकला त्याने बंदूक ठेवायची आणि कॅम्प संपेपर्यंत कांदे चिरायचे. बाकीच्यांना पुढच्या वर्षी माफी मिळे. मिळाली नाही ती फक्त अरुणला. अरुण म्हणजे शोभाताईंचा धाकटा भाऊ, प्लेनोत राहणारा, हळू बोलणारा. पहिल्याच वर्षी त्याची गोळी फीडरला लागली आणि मक्याची धार सुरू झाली. तेव्हापासून तो दर नोव्हेंबरात येतो आणि रस्सा करतो. एकदा त्याने विचारलं, "भाऊजी, यंदा मी बसू का जरा?"

"बस की. पण आधी हरणांना विचारतो, त्यांना मका हवाय का."

सगळे हसले. अरुणही हसला आणि आलं किसायला लागला. चेष्टेला एक माणूस हाताशी असला की कॅम्पला रंग चढतो, हे त्र्यंबकरावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते दरवर्षी स्वतः गाडी घेऊन त्याला आणायला जात.

यंदा मात्र अरुण त्यांना न्यायला आला. त्र्यंबकरावांनी ड्राइव्ह करणं सोडलं होतं. पाठ दुखते म्हणून, असं घरी सांगितलेलं. खरं असं की दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधोमध काळा डाग बसला होता. ज्याच्याकडे पाहावं नेमकं तेच दिसेना, कडेचं सगळं दिसे. डॉक्टरने सांगितलं, हा जाणार नाही, वाढेल. त्यांनी हे शोभाताईंना सांगितलं नाही, रुहीला तर नाहीच. कॅम्पवर कळलं असतं तर ओढ्याकाठचा ब्लाइंड गेला असता, आणि तो गेला की त्र्यंबक बोधनकर म्हणजे फ्रिस्कोतला एक रिटायर्ड काका, मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या लावणारा.

पहिल्या पहाटे ते मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने फीडरकडे बघत बसले. झुडपामागे तपकिरी काहीतरी हललं. वाकलं. पुन्हा हललं. त्यांनी श्वास रोखला आणि घोडा ओढला.

तपकिरी शाल होती. शालीत अरुण होता. कॅम्पच्या टॉयलेटमध्ये मंडळींतला तरुण राजेश फोन घेऊन ठाण मांडून बसलेला, म्हणून बिचारा प्लास्टिकचा मग घेऊन झुडपामागे गेला होता. गोळी डोक्यावरच्या फांदीला लागली, फांदी अरुणवर पडली, आणि एका हाताने पायजमा धरून तो ट्रेलरकडे धावत सुटला. माणूस आहे हे कळल्यावर त्र्यंबकरावांच्या मनात पहिला शब्द आला तो 'चुकली'.

मंडळी जमली तोवर त्यांनी स्वतःला सावरलं होतं. "हरणाच्या रंगाची शाल पांघरून कोण बसतं रे? आणि बसायची पद्धत तरी माणसाची ठेव."

राजेश खो खो हसला. रुही हसली नाही. तिशीची पोरगी, बापाकडूनच नेम शिकलेली. तिने त्यांच्या नाकासमोर हात धरला.

"बाबा, किती बोटं?"

"पोरकटपणा पुरे."

"जस्ट टेल मी. किती?"

"तीन."

रुहीने मूठ वळलेली होती. ती तशीच तिने सगळ्यांना दाखवली, मग त्यांच्या खांद्यावरची बंदूक काढून घेतली.

मग राजेशलाच राहवेना. "काका, नियम तो नियम. अरुणवर गोळी झाडली म्हणून नाही हं. ती चुकली म्हणून."

तेव्हा मात्र सगळे हसले. शोभाताई सर्वांत उशिरा थांबल्या.

"ओढ्याकाठी आता कोण?" राजेशने विचारलं.

"मी बसतो," अरुण म्हणाला. त्याने रुहीकडून बंदूक घेतली, बार तपासला. "भाऊजी, कांदा बारीक चिरा. जाड राहिला तर रस्सा गोड होतो."

ट्रेलरच्या मागे, मोकळ्यावर, चूल होती. ओढ्याकाठच्या ब्लाइंडची खिडकी थेट तिच्याकडे. त्र्यंबकरावांनी मान वाकडी करून पाहिलं. खिडकी दिसत होती, आत बसलेला माणूस दिसत नव्हता, आणि त्याने नळी कुठे रोखली आहे ते तर मुळीच नाही.

"शोभा," त्यांनी हाक मारली, "माझं नारिंगी जाकीट कुठंय? माणूस आहे हे लांबून कळतं, ते."

"गाडीत," शोभाताई ट्रेलरमधूनच म्हणाल्या. "जा, चालत जाऊन आणा."

गाडी ओढ्याकडच्या बाजूला उभी होती. त्र्यंबकराव उठले नाहीत. पुढचा कांदा घेऊन ते चुलीच्या आडोशाला, जमेल तेवढे खाली वाकून बसले.