सात रोपं आणि रुमालभर बी

मेढ्याजवळच्या आमच्या माळावर पिवळ्या कॉसमॉसनं गवताला जागाच ठेवलेली नाही. फुलं देखणी, पण म्हैस तोंड लावत नाही. माझी नात सांगलीला गणित शिकते. गणपतीच्या सुट्टीत ती लॅपटॉपवर तो माळ मांडून बसली. पडद्यावरचा पिवळा डाग एका मापाहून लहान केला की आपोआप विरायचा. जरा मोठा केला की लाटेसारखा पसरत सुटायचा.

"ते माप सापडलं तर किती उपटलं की पुरे ते कळेल," ती म्हणाली. "पण सुरुवात किती झाडांनी झाली, ते गावात कुणालाच ठाऊक नाही."

मला ठाऊक होतं. बी रस्त्याच्या मुरमातून आलं, असं खोटंच मी इतकी वर्षं गावभर सांगत आले होते. आता तिला खरं सांगितलं.

बी आलं तेव्हा मी कवठे महांकाळहून आलेली नवी नवरी. आमचे हे फौजेत. पत्राच्या घडीत त्यांनी छावणीच्या बागेतलं चिमूटभर बी धाडलं. सात रोपं आली, फुलली, पण बी सगळं पोचट. दुसऱ्या वर्षी काहीच उगवलं नाही. तिथंच थांबायचं ना! पण मी पडले दीडशहाणी. 'एवढ्या मोठ्या फौजेत चिमूटभरच बी मिळतं व्हय?' असं पत्र ठोकलं. पुढच्या रजेला हे रुमालभर बी घेऊन आले. म्हशीमागं जायचं निमित्त करून मी ते माळभर उधळत हिंडले, जशी काय वनदेवीच.

हे ऐकून नात चिडेल असं वाटलं होतं. तिनं माझे गालच ओढले. "आज्जी, सातानं विझलं, रुमालानं पेटलं! मला हेच हवं होतं. रुमाल केवढा होता?"

ह्यांचा रुमाल पेटीतच होता. माळावरचं बी त्यात भरून ती दोन दिवस मोजत बसली.

माप हाती आलं, मग उपटायला सुरुवात झाली. गावातल्या बाया भराभर पुढं सरकल्या. मी पहिल्याच झाडापाशी उभी.

"काय झालं, आज्जी?"

"ह्यांनी आणल्यालं हाय गं."

मग एक रोप मुळासकट काढून तिनं तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. "एकट्या झाडाला बी फारसं धरत नाही. हे ठेव तुला."

"दोन ठिवू?"

"आज्जी!"

"बरं बाई, एक."

पदराखाली धरलेलं दुसरं रोप मी मुकाट्यानं तिच्या हातात दिलं.